खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत मुक्त शैलीच्या कुस्तीत बँटमवेट (५७ किलो) गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात ते सहावे आले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या तयारीच्या काळात गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने त्यांना त्या स्पर्धेत उतरता आले नाही. लहान चण आणि विलक्षण चपळाई यांमुळे ते ‘पॉकेट डायनॅमो’ या नावाने ओळखले जात. पुढे ते मुंबई पोलीस दलात अधिकारी होते. त्यांच्या कामगिरीची शासकीय दखल मुख्यतः मरणोत्तर घेतली गेली.

खाशाबांच्या कारकिर्दीकडे पदकाच्या अंगाने नेहमीच पाहिले जाते. मेहनत, विश्रांती आणि दुखापत यांचा मेळ बसणे किंवा चुकणे खेळाडूच्या आयुष्यात किती निर्णायक ठरते, याचेही ते एक ठळक उदाहरण आहे.

बालपण आणि शिक्षण

खाशाबांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. कृष्णा–कोयनेच्या या खोऱ्यात गावोगावी तालमी होत्या आणि यात्रा-जत्रांतून कुस्त्यांचे फड रंगत. घरातच कुस्ती असल्याने खाशाबांना डावपेचांचे बाळकडू लहानपणीच मिळाले.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वेळी सातारा जिल्हा भूमिगत चळवळीचे मोठे केंद्र होता. विद्यार्थिदशेतील खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे केली. शालेय शिक्षणानंतर त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. येथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घेण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला. खाशाबांनी प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे दाद मागितली. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून वजनदार व अनुभवी प्रतिस्पर्ध्यांना हरवून ती स्पर्धा जिंकली. याच प्राचार्यांचा आधार पुढे त्यांच्या आयुष्यात फार मोलाचा ठरला.

मातीतील कुस्ती आणि मेहनतीची पद्धत

खाशाबा ज्या परंपरेत घडले ती मातीच्या कुस्तीची होती. छत्रपती शाहू महाराजांच्या राजाश्रयामुळे कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर बनले होते. तालमीतील दिनक्रम पहाटे सुरू होई. जोर आणि बैठका, त्यानंतर हौद्यातील लढती, मग मालिश, खुराक आणि झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत, असा तो क्रम असे. हौद्यातील लाल मातीत ताक, तेल, हळद इत्यादी मिसळून ती मऊ ठेवली जाई. वस्तादाच्या नजरेखाली पैलवानाची मेहनत वर्षानुवर्षे हळूहळू वाढवली जाई. नवशिक्याला पहिल्याच महिन्यात मोठ्या पैलवानाइतकी मेहनत कोणी करू देत नसे. खुराक व विश्रांती यांना या पद्धतीत मेहनतीइतकेच महत्त्व होते.

खाशाबांची ताकद त्यांच्या वेगात आणि दमात होती. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला कमरेवरून जमिनीवर आपटण्याचा हा डाव आहे. वजनाने भारी असलेल्या मल्लालाही ते या डावाने क्षणात अस्मान दाखवत.

लंडन ऑलिंपिक (१९४८)

महाराष्ट्राच्या मातीतील खेळाडू ऑलिंपिकला जाण्याची सुरुवात १९२० मध्ये झाली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने अँटवर्पला गेलेल्या संघात कुस्तीगीर होते, तसेच बेळगावचे लांब पल्ल्याचे धावपटू फडेप्पा चौगुले हेही होते. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. तथापि त्यानंतरच्या काळातही ग्रामीण खेळाडूंना आंतरराष्ट्रीय नियमांचे व साधनांचे शिक्षण मिळण्याची सोय देशात जवळजवळ नव्हती.

१९४८ चे लंडन ऑलिंपिक हे स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक होते. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये त्यांना प्रथमच मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढावे लागले. मातीच्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे हेच मुख्य उद्दिष्ट असते. मॅटवर मात्र वेळेची मर्यादा, पंचांचा निर्णय आणि प्रत्येक पकडीचे मूल्य यांना महत्त्व होते. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना तेथे मार्गदर्शन केले. खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस यांना काही मिनिटांतच पराभूत केले आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांच्यावरही मात केली. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते हरले. मॅटचा फारसा सराव नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. फ्लायवेट गटात भारतीय मल्लाने इतके वरचे स्थान मिळवणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

हेलसिंकीची तयारी

लंडनहून परतल्यावर पुढील चार वर्षे खाशाबांनी सरावाची मात्रा आणि तीव्रता दोन्ही वाढवली. त्यांनी वरचा वजनगट निवडला आणि ५७ किलो गटात लढण्यास सुरुवात केली. या गटातील मल्ल अधिक वजनदार व ताकदवान असत, त्यामुळे केवळ चपळाईवर भिस्त ठेवून चालणार नव्हते. चार वर्षांचा अवधी मिळाल्याने शरीराला नव्या वजनाची आणि नव्या भाराची सवय होऊ शकली. लंडनमधील सहावा क्रमांक आणि हेलसिंकीतील पदक यांच्यामध्ये ही चार वर्षांची पायरीपायरीने वाढवलेली मेहनत आहे.

संघनिवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ती जिंकून त्यांनी संघातील स्थान मिळवले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

यानंतर पैशांचा प्रश्न उभा राहिला. प्रवासखर्चासाठी खाशाबांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना दारोदार फिरून वर्गणी गोळा करावी लागली. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी यथाशक्ती मदत केली. राज्य शासनाकडून वारंवार विनंती केल्यावर ४,००० रुपये मिळाले. सर्वांत मोठा वाटा प्राचार्य खर्डेकर यांनी उचलला. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकी ऑलिंपिक (१९५२)

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पॉलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवले. त्या काळच्या पद्धतीनुसार पराभवाला आणि निव्वळ निर्णयावर मिळालेल्या विजयालाही दोषगुण दिले जात. ठरावीक दोषगुण साचले की मल्ल स्पर्धेतून बाद होई आणि शेवटी उरलेल्या तिघांची क्रमवारी त्यांच्या आपसांतील लढतींवरून ठरे. खाशाबा या अखेरच्या तिघांत पोहोचले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव.

इशी यांच्याशी झालेली लढत सुमारे १५ मिनिटे चालली आणि तीत खाशाबा पराभूत झाले. या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेचच त्यांना मामेदबेकोव यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु खाशाबांची बाजू मांडण्यासाठी त्या वेळी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांना मॅटवर उतरावे लागले आणि मामेदबेकोव यांनी ती लढत जिंकली. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक मिळाले.

या अर्ध्या तासाचे महत्त्व शरीरशास्त्राच्या दृष्टीने मोठे आहे. तीव्र झुंजीनंतर रक्तात वाढलेले लॅक्टेट खाली येण्यास साधारणतः अर्धा ते एक तास लागतो. हाताची पकड, मांड्यांचा जोर आणि प्रतिक्षिप्त हालचालींचा वेग हे सर्व थकव्याने मंदावते. पूर्ण विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता असे ठामपणे म्हणता येत नाही. मात्र नियमाने दिलेली संधी खाशाबांना मिळाली नाही, ही गोष्ट भारतीय क्रीडाव्यवस्थापनातील एक मोठी उणीव म्हणून आजही सांगितली जाते.

मायदेशी स्वागत

त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशभर त्याचाच गाजावाजा झाला. कराड परिसराने मात्र आपल्या मल्लाचे अभूतपूर्व स्वागत केले. कराड रेल्वे स्थानकापासून शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या मिनिटांत संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी अनेक तास लागले.

परतल्यानंतर खाशाबांनी प्रथम कर्ज फेडण्याचा विचार केला. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरवले, स्वतः त्यांत लढले आणि मिळालेली रक्कम प्राचार्य खर्डेकर यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यासाठी दिली.

पोलीस दल आणि गुडघ्याची दुखापत

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या आणि क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकवर त्यांची नजर होती. त्या वेळी ते तिशीत होते आणि अनुभवाच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा परिपक्व होते. परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची वाट अडवली. ऑलिंपिकमधील त्यांची कारकीर्द येथेच संपली.

याच सुमारास दुसऱ्या एका मोठ्या खेळाडूच्या वाट्यालाही असाच प्रसंग आला. हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती आठ दिवसांत जिंकल्या होत्या. ४०० मीटरचे अंतर वेगाने धावायचे, मध्ये थोडे संथ धावायचे आणि हे दिवसात अनेक डझन वेळा करायचे, अशी त्यांच्या सरावाची पद्धत होती. मेलबर्नच्या आधी कठोर सरावातच त्यांना हर्नियाचा त्रास झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पुरेशी विश्रांती न घेता ते मॅरेथॉन धावले आणि सहावे आले. हेलसिंकी गाजवणाऱ्या या दोघांपैकी एकाला मेलबर्नला जाता आले नाही आणि दुसरा तेथे पूर्ण ताकदीने उतरू शकला नाही.

सराव, विश्रांती आणि दुखापत

खेळातील दुखापती ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एक अचानक होणारी, उदाहरणार्थ डावात गुडघा पिळवटून अस्थिबंध किंवा कूर्चा फाटणे. दुसरी साचत जाणारी, म्हणजे त्याच जागी वारंवार पडणाऱ्या ताणामुळे हळूहळू उद्भवणारी. कुस्तीत पहिला प्रकार अधिक दिसतो. मॅटवर बूट घालून लढताना पाऊल जागी घट्ट राहते आणि वरचे शरीर वळते, त्यामुळे गुडघ्यावर पीळ बसतो. हौशी धावकांत दुसरा प्रकार अधिक आढळतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो आणि एका किलोमीटरमध्ये अशी सुमारे हजार पावले पडतात. गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे, नडगीचे दुखणे, टाचेच्या वरील शिरेची सूज आणि हाडाला जाणारी बारीक चीर हे याचे नेहमीचे परिणाम होत.

सरावाचा भार दोन गोष्टींनी ठरतो. एक मात्रा, म्हणजे आठवड्यातील अंतर किंवा वेळ, आणि दुसरी तीव्रता, म्हणजे वेग, चढ किंवा ओझे. दोन्ही एकदम वाढवणे सर्वांत धोक्याचे असते. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत नव्या कष्टाला सरावतात, परंतु स्नायुबंध आणि हाडे यांना त्याहून अधिक काळ लागतो. हाडाच्या बाबतीत तर नव्या भारानंतर आधी जुना भाग झिजून जातो आणि मग नवा भरतो, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ते उलट कमकुवत असते. दम वाढला म्हणून पायही तयार झाले, असा समज येथेच फसतो.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, असा एक नियम धावकांमध्ये प्रचलित आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे नवशिक्या धावकांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र अशा सावकाश वाढीच्या गटात आणि नेहमीच्या कार्यक्रमाच्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, हा त्याचा अर्थ. पूर्वी झालेली दुखापत हे मात्र पुढील दुखापतीचे सर्वांत भरवशाचे पूर्वलक्षण म्हणून अनेक अभ्यासांत पुढे आले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकणारी वेदना, सूज किंवा लंगडणे ही थांबण्याची खूण मानली जाते.

महाराष्ट्रात हा विषय केवळ शहरी मॅरेथॉनपुरता नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. खानदेशात शिंदखेड्यासारख्या तालुक्यांच्या गावी त्यासाठी तरुण-तरुणी पहाटे डांबरी रस्त्यांवर सराव करताना दिसतात. जाहिरात निघाल्यावर थोड्या आठवड्यांत सगळी तयारी उरकण्याची घाई झाली, की मात्रा आणि तीव्रता एकदमच वाढतात. गुडघा किंवा नडगी ऐन चाचणीच्या वेळी दगा देते आणि वर्षाची मेहनत वाया जाते. वस्तादाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे मेहनत वाढवण्याची जुन्या तालमीची रीत या बाबतीत आजच्या शास्त्राच्या बरीच जवळ आहे.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

खाशाबांनी पोलीस दलात २७ वर्षे सेवा केली आणि साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. क्रीडासंघटनांनी दीर्घकाळ त्यांची उपेक्षा केली आणि अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक ओढाताणीत काढली. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई स्पर्धांच्या वेळी मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले, हा त्यांच्या हयातीतील मोजक्या सन्मानांपैकी एक. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

महाराष्ट्र शासनाने १९९२-९३ साली त्यांना मरणोत्तर छत्रपती पुरस्कार दिला. केंद्र शासनाचा २००० सालचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. हाच दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. क्रीडालेखक संजय दुधाणे यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे.

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक त्याहूनही उशिरा, २००८ साली बीजिंग येथे, सुशील कुमार यांना मिळाले. आज राष्ट्रीय संघांबरोबर प्रशिक्षक, वैद्य आणि भौतिकोपचारतज्ज्ञ जातात आणि खेळाडूच्या सरावाइतकीच त्याच्या विश्रांतीचीही नोंद ठेवली जाते. खाशाबांना यांपैकी काहीही मिळाले नव्हते. घर गहाण ठेवणारे प्राचार्य, वर्गणी देणारे ग्रामस्थ आणि तालमीची शिस्त एवढ्या बळावर त्यांनी पदक आणले. हेलसिंकीत न मिळालेली अर्ध्या तासाची विश्रांती आणि मेलबर्नच्या आधी दुखावलेला गुडघा ही त्या पदकामागची दुसरी बाजू आहे.